आमची ‘ना’ नाही, पण...

हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर शाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झालेले असतील. गावोगावी प्रवेशोत्सव झाले असतील, पहिलीतल्या मुलांच्या हातात फुलं आणि नवी पुस्तकं पडली असतील. प्रत्येक शाळेच्या पटावर अशी एखाद-दोन नावं असतात, जी हजेरीला रोज पुकारली जातात आणि ज्यांच्यापुढे महिनोन् महिने गैरहजेरीच लागते. मी ज्या मुलांबरोबर काम करते, त्यांतल्या बऱ्याच जणांची नावं अशीच पटावर पडून आहेत. कुणी चिंचेवरून पडलं, कुणी बिनकठड्याच्या गच्चीवरून, कुणी कोरड्या विहिरीत. कुणाला मोटारसायकलचा अपघात झाला, कुणाला मणक्याचा क्षयरोग. कारण वेगवेगळं, पण दुखावली ती एकच गोष्ट : पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू. या मुलांच्या शाळेविषयी मला आज लिहायचं आहे. आणि बायकांच्या त्रैमासिकात, संपादकीयाच्या जागी ते का लिहायचं, तेही सांगायचं आहे.

आधी थोडी माहिती, कारण गैरसमज फार आहेत. मज्जारज्जू मेंदूचे निरोप शरीराकडे आणि शरीराचे निरोप मेंदूकडे नेतो. तो जिथे दुखावतो, त्याच्या खालच्या भागाचा हा व्यवहार तुटतो. इजा मानेत असेल तर हातपाय चारही जातात, पाठीत असेल तर पाय. लोकांना दिसतात ते फक्त पाय. न दिसणाऱ्या गोष्टी जास्त अवघड असतात. लघवी आणि शौचावरचा ताबा जातो. त्या भागाला स्पर्श, चटका, टोचणं काही कळत नाही. एकाच जागी बसून राहिलं तर कातडीवर दाब येऊन जखमा होतात, ज्यांना आपण बेडसोर म्हणतो. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी अंगाचा भार हलवावा लागतो. लघवी दर चार ते सहा तासांनी नळीने, म्हणजे कॅथेटरने, काढावी लागते. मज्जारज्जूच्या इजेने बुद्धीला मात्र काहीही होत नाही. हे वाक्य मी शाळांमध्ये जाऊन इतक्या वेळा बोलले आहे की आता ते झोपेतही म्हणू शकेन.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत अशी इजा झालेली माणसं बहुतेक वेळा फार काळ जगत नसत. बेडसोर आणि लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग त्यांचा जीव घेई. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथे १९४४ साली डॉ. लुडविग गुटमन यांनी दाखवून दिलं की या दोन गोष्टी सांभाळल्या तर माणूस जगतो, शिकतो, काम करतो. आपल्याकडे जखमी जवानांसाठी पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून खास केंद्र आहे. म्हणजे काय करायचं ते माहीत नाही, असं आता कुणाला म्हणता येणार नाही. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या आपल्या अहवालात नोंदवलं आहे की मज्जारज्जूची इजा झालेली मुलं इतर मुलांच्या मानाने शाळेत कमी दाखल होतात, आणि दाखल झाली तरी पुढच्या वर्गांत कमी पोचतात. याच अहवालानुसार या इजेचं प्रमाण पुरुषांत बायकांच्या निदान दुप्पट आहे. मुली संख्येने कमी. म्हणून त्यांच्यासाठी वेगळा विचार करायला हवा, हेच कुणाच्या ध्यानात येत नाही.

जन्मापासून अपंगत्व असलेल्या मुलीची आणि या मुलीची शाळेची गोष्ट एका बाबतीत वेगळी आहे. ही मुलगी त्याच शाळेत होती. तिचा बाक ठरलेला होता, तिच्या मैत्रिणी होत्या, लंगडीच्या संघात तिचं नाव होतं. मग एक दिवस अपघात होतो. तालुक्याचं रुग्णालय, जिल्ह्याचं, मग पुणे किंवा मुंबई, शस्त्रक्रिया, बेडसोर, पुन्हा भरती, असे सहा-आठ महिने जातात. ती परत येते तेव्हा शाळेचा उंबरठा तोच असतो, पण आता तो तिच्या खुर्चीच्या चाकापेक्षा उंच झालेला असतो. वर्ग पुढे गेलेला असतो आणि बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर गेलेला असतो.

अशा वेळी मी पालकांबरोबर मुख्याध्यापकांना भेटायला जाते. चहा येतो. विचारपूस होते. बोलणं खरोखर सहानुभूतीचं असतं. आणि मग ते वाक्य येतं : “ताई, आमची ना नाही, पण...” पण जबाबदारी कोण घेणार? पण काही झालं तर? पण बाकीच्या मुलांच्या अभ्यासाचं काय? पण वास येतो, हो. पण इमारत जुनी आहे, निधी नाही. ‘नाही’ असं कुणीच म्हणत नाही, कारण ‘नाही’ म्हणणं बेकायदा आहे हे आता बहुतेकांना माहीत असतं. या ‘पण’च्या पुढे कोपऱ्यात बसलेली मुलीची आई हळूच म्हणते, “सर, मी बसते ना दिवसभर बाहेर. तुम्हाला काही त्रास होणार नाही.” आणि खोलीतला ताण एकदम उतरतो. प्रश्न सुटलेला असतो!

मैत्रिणींनो, मला बोलायचं आहे ते नेमकं इथे. प्रश्न सुटला म्हणजे काय झालं? शाळेने बांधायचा उतार, शाळेने द्यायचं स्वच्छतागृह, सरकारने नेमायची मदतनीस, या तिन्हींच्या जागी एक बाई उभी राहिली. तिचं नाव कुठल्या नोंदवहीत नाही, तिला पगार नाही, आणि ती नसेल तर मुलीची शाळाही नाही.

मी अशा एका आईला दोन वर्षं पाहिलं. ती शेतमजूर. सकाळी घरचं आवरून, मुलीचं शौच, अंघोळ, कपडे करून, तिला खुर्चीत बसवून दीड किलोमीटर ढकलत शाळेत आणायची. मग मधल्या सुट्टीपर्यंत व्हरांड्यात, पावसात भिंतीला चिकटून. तिची मजुरी बुडाली. बचत गटाचा हप्ता थकला म्हणून गट सुटला. घरी भाकरी टाकायला कुणी नाही म्हणून मुलीच्या पाठच्या बहिणीने शाळा सोडली. एका मुलीच्या अपघातात घरातल्या दोन मुलींची शाळा पणाला लागली. आणि अपघात मुलाला झाला असता तरी व्हरांड्यात बसली असती ती आईच, आणि शाळा सुटली असती ती बहुधा बहिणीचीच. इतकी वर्षं आपण सांगत आलो की घरातलं बाईचं काम हे काम आहे, ते मोजा. इथे एक सार्वजनिक संस्था, म्हणजे शाळा, आपलं काम बाईच्या अंगावर टाकून मोकळी होते, आणि आपण त्याला ‘आईची माया’ म्हणून कौतुकाचं नाव देतो.

आता स्वच्छतागृहाविषयी. शाळेत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह हवं, हे आपल्यापैकी प्रत्येकीने कधी ना कधी मोर्च्यात, निवेदनात म्हटलेलं आहे. पाळी आली की मुली शाळा सोडतात, हे आपण शासनाच्या गळी उतरवलं. मज्जारज्जूची इजा झालेल्या मुलीसाठी हा प्रश्न महिन्यातून चार दिवसांचा राहत नाही, तो रोजचा आणि दिवसातून दोनदा होतो. तिला हवं काय? खुर्ची आत जाईल इतकं रुंद दार, आतून लागणारी कडी, धरायला दांडी, पाणी, साबण, आणि पंधरा मिनिटांचा निवांतपणा. नळीने लघवी काढण्याची पद्धत अवघड नाही. ती निर्जंतुक खोलीतच करावी लागते असंही नाही. हात आणि नळी स्वच्छ असली की पुरतं, हे अमेरिकेतल्या डॉ. जॅक लॅपिडीस यांनी १९७२ सालीच मांडलं आणि आज जगभर तीच पद्धत चालते. हात चांगले असतील तर सात-आठ वर्षांची मुलगीही हे शिकू शकते.

पण मी गेले त्या किती तरी शाळांत ‘अपंगांसाठी स्वच्छतागृह’ अशी पाटी असलेल्या दाराला कुलूप होतं. आत खराटे, फुटके बाक, निवडणुकीच्या वेळचं सामान. किल्ली शिपाईदादांकडे आणि शिपाईदादा पंचायत समितीत! मग मुली त्यांच्या परीने मार्ग काढतात : सकाळपासून पाणीच पीत नाहीत. एका आठवीतल्या मुलीने मला सांगितलं, “ताई, पाच वाजेपर्यंत घोटभर पण नाही पीत. सवय झाली.” या सवयीची किंमत मूत्रपिंडं मोजतात. जंतुसंसर्ग होतो, खडे होतात, ताप येतो, शाळा बुडते. आणि शेरा पडतो, ‘प्रकृतीच्या कारणाने अनियमित.’

उचलण्याचा प्रश्नही असाच न बोलता राहतो. मुलगा असेल तर चार मित्र खुर्चीसकट उचलून वर नेतात, हसत-खिदळत नेतात, आणि त्यात मैत्रीही असते. मुलगी मोठी झाली की तिला कोण उचलणार? शिपाई? सर? वर्गातली मुलं? शरीराच्या ज्या भागाला संवेदना नाही, तिथे कोणाचा हात कसा लागला हे तिला कळतही नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने मुलाच्या अपंगत्वाचा फायदा घेऊन केलेला अत्याचार जास्त गंभीर मानला आहे. पण कायदा घडल्यानंतर येतो. उतार असता, वर्ग तळमजल्यावर असता, तर तिला उचलून घ्यावंच लागलं नसतं. घरचे मात्र सोपा उपाय काढतात : पाळी आली, अंग भरलं, आता शाळा पुरे. “शिकून तरी काय करायचंय, लग्न थोडंच होणार आहे?” हे वाक्य तिच्यासमोर, तिला ऐकू जाईल असं बोललं जातं. अपघातानंतर काही महिने थांबलेली पाळी बहुतेक जणींना पुन्हा सुरू होते, आई होण्याची क्षमताही सहसा शाबूत असते. पण हे तिला सांगतं कोण? आणि लग्न होवो न होवो, शिक्षण त्यासाठी असतं का?

शाळा आणि घर दोघांनाही सोयीचा वाटणारा आणखी एक मार्ग म्हणजे घरी शिक्षण. २०१२ साली शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय मिळाला. अंथरुणाला खिळलेल्या काही मुलांना त्याचा आधार आहे, ते नाकारू नये. पण पर्याय मुलाचा आहे, शाळेचा नाही. मी पाहते ते असं : खुर्चीत बसून उत्तम शिकू शकणाऱ्या मुलीच्या पालकांची एका कागदावर सही घेतली जाते. त्यानंतर महिन्यातून कधी तरी विशेष शिक्षक येऊन जातात. गणित थोडंफार होतं. पण डबा वाटून खाणं, भांडणं, चिडवाचिडवी, स्नेहसंमेलन, सहल, हे घरी कोण आणून देणार? मुलीचं नाव पटावर राहतं, शिष्यवृत्तीच्या यादीत राहतं, आणि मुलगी खिडकीशी राहते.

कायदा काय म्हणतो ते नीट माहीत करून घेऊ या, कारण ‘पण’ला उत्तर त्यातच आहे. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा जाऊन २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला. त्याच्या कलम ३१ नुसार किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत, किंवा त्याला हवं असेल तर विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे चौदाव्या वर्षी हा हक्क संपत नाही. कलम १६ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे, इमारत वापरण्याजोगी करायची आहे आणि त्या मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम निघाले २०१७ साली, मुदत संपली २०२२ साली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सुगम्यतेचे निकष ही नुसती शिफारस असू शकत नाही, ते बंधनकारक हवेत. आणि प्रत्यक्षात? २०२३-२४ च्या यूडायस माहितीनुसार कठड्यासह उतार देशातल्या निम्म्याहून थोड्याच अधिक शाळांत आहे. जो आहे तोही वापरता येतोच असं नाही. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. दीड फुटाच्या जोत्याला चार फुटांचा उतार बांधला की मोजणीत एक उतार वाढतो आणि खुर्ची मात्र खालीच राहते.

शिक्षकांची बाजूही ऐकायला हवी. त्यांत अर्ध्याहून जास्त आपल्याच बहिणी आहेत. पन्नास मुलांचा वर्ग, निवडणुकीची आणि सर्वेक्षणांची कामं, ऑनलाइन माहितीचे रकाने, आणि त्यात ही मुलगी. “मला काही येत नाही हो, चुकून काही झालं तर?” ही भीती खोटी नाही. तिला कुणी शिकवलेलंच नाही. रुग्णालयातून घरी सोडताना पालकांना औषधांची चिठ्ठी मिळते, शाळेसाठी एक पानही मिळत नाही. जिथे आम्ही अर्धा दिवस बसून वर्गशिक्षिकेला भार हलवणं, तापाची लक्षणं, उन्हात न बसवणं, इतकं समजावलं, तिथे भीती बरीचशी गेली. एका जिल्हा परिषद शाळेत बाईंनी काय केलं? मुलगी सातवीत गेली तेव्हा सातवीचा वर्ग खाली आणला आणि पाचवीचा वर नेला. खर्च शून्य. दर तासाची घंटा झाली की सगळा वर्गच उभा राहून हात ताणायचा, म्हणजे हिलाही आपला भार हलवायची आठवण व्हायची. खो-खोच्या सामन्यात ती गुणलेखक झाली, आणि पुढच्या वर्षी भांडून पंचही झाली.

मात्र मदतनिसाबद्दल बोलताना आपण सावध राहायला हवं. आईच्या जागी कुणी तरी हवं, हे खरं. समग्र शिक्षा योजनेत मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता आहेत, अपंग मुलींना दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता आहे. पण ती मदतनीस कोण असणार? शाळेत आहार शिजवणाऱ्या मावशीलाच ‘जरा बघ गं हिच्याकडे’ म्हणून सांगायचं, आणि तिच्या तुटपुंज्या मानधनात हे काम कोंबायचं? मग आपण एका बाईचं फुकटचं काम दुसऱ्या गरीब बाईच्या डोक्यावर ठेवलं, एवढंच होईल. मदतनिसाचं काम म्हणजे कौशल्याचं काम. त्याला प्रशिक्षण हवं, नेमणूक हवी, पगार हवा. ही मागणी अपंग मुलींची आहे, आयांची आहे आणि त्या मावशींचीही आहे. ती एकत्रच करायला हवी.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन तुमच्यापैकी अनेकींनी वाचलं असेल. ऐन कॉलेजच्या वयात त्यांचे पाय गेले. त्या शिकल्या, सरकारी नोकरी केली आणि १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी करून अपंग मुलामुलींच्या शिक्षणाचं आणि राहण्याचं काम केलं. आपण त्यांचं उदाहरण भाषणात ‘जिद्द’ म्हणून देतो. मला त्यात दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते : स्वतः जिद्दी असूनही त्यांनी इतरांना नुसती जिद्द ठेवा असं सांगितलं नाही, तर खोल्या, संडास, वाहन आणि शाळा यांची व्यवस्था केली. बारा वर्षांच्या मुलीला रोज लघवीसाठी जिद्द दाखवावी लागू नये.

दहावीनंतरचं लिहायला जागा अपुरी आहे. तालुक्याचं कॉलेज म्हणजे एसटी आलीच, आणि एसटीची पायरी म्हणजे पुन्हा कुणी तरी उचलणं आलं. प्रयोगशाळेचं टेबल छातीइतकं उंच, म्हणून विज्ञान नको, कला घे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा राखीव आहेत, पण त्या जागेपर्यंत जायला आठवी, नववी, दहावी पार पडावी लागते. गळती तिथेच आहे.

मग आपण काय करायचं? शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. आपल्या बचत गटांतल्या, महिला मंडळांतल्या कितीतरी जणी या समित्यांवर आहेत. बहुतेकींना सहीपुरतं बोलावतात. येत्या बैठकीत त्यांनी चार गोष्टी विचाराव्यात. पटावरच्या कोणत्या अपंग मुली येत नाहीत आणि का? अपंगांच्या स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे असते? उताराची उंची आणि लांबी किती? घरी शिक्षणाच्या कागदावर सही कुणी, कधी, काय सांगून घेतली? उत्तरं इतिवृत्तात लिहायला लावा. तेवढ्याने भागलं नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही.

आणि व्हरांड्यात बसलेली कुणी आई दिसली, तर तिचं कौतुक करून पुढे जाऊ नका. तिच्याशेजारी बसा, किती दिवस बसते आहे ते विचारा, बुडालेल्या मजुरीचा हिशेब मांडा आणि तो हिशेब समितीपुढे ठेवा. तुमच्या गावच्या शाळेत काय दिसलं ते आम्हाला पत्राने कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.

— संपादक मंडळाच्या वतीने